साक्ष

रत्नमाला स्वतःच्या पायांनी चालत चर्चमध्ये आली, तेव्हा सगळी मंडळी "प्रभूची स्तुती असो" म्हणाली. एस्तेरबाईही म्हणाल्या, पण वरवर.

पाय मोडून पडलेल्या या एकट्या बाईला त्या तीन महिने रोज डबा पोचवत होत्या. बुधवारच्या महिला सभेत तिच्यासाठीची प्रार्थनाही त्याच करायच्या. "कशी आहे हो आपली रत्नमाला?" असं जी ती त्यांनाच विचारायची. आता कोण विचारणार?

उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई, प्रभूनं तुमचं ऐकलं. पुढे या, साक्ष द्या."

त्या पुढे गेल्या. ओठांवर आलेली नेहमीची वाक्यं त्यांनी गिळून टाकली.

"खरं सांगते, हिला चालताना बघून मला आनंद झाला नाही. आपलं महत्त्व गेलं, असं वाटलं. आता माझ्यासाठी प्रार्थना करा."

मग रत्नमाला बाक धरून उभी राहिली.

"मावशी, माझ्यासाठीही करा. मला चालता येऊन पंधरा दिवस झाले. तुमची चाहूल लागली, की मी पलंगावर जाऊन पडायचे. डबा थांबला असता, तर माझ्या दारात कोण येणार होतं?"