मेव्हण्याचे स्पीकर

"आता काय झालं?" बायकोने दारातूनच विचारलं.

"फाटलाय. पुन्हा." फिटरने स्पीकर उताणा केला. कागदी कोनाला कडेपाशी बारीक चीर गेली होती. गेल्या आठवड्यात तार सुटली होती, त्याआधी कडेचा फोम निघाला होता. एकाला हात लावावा, तर दुसऱ्याने मान टाकावी!

"उंदीर असतील. जाऊ देत एकदाची ही धूडं. घरात पाय ठेवायला जागा नाही."

धूडं तिच्याच भावाची होती. कारखान्याला टाळं लागल्यावर फिटर दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मेव्हण्याने हे जुने स्पीकर आणून त्याच्यापुढे आदळले. "भावोजी, वाजते करा," म्हणाला.

वाजते केलेच त्याने. शिवाय त्यांच्या खोक्यांत आतून लोकर भरून त्यांचं नको तेवढं घुमणंही बंद केलं. पण टिकेल तर शपथ! जन्मभर मोठाली मशिनं लावलेले हात, आणि आता कागदाला गोंद लावता येईना? हात गेले आपले, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बायकोला सांगायची लाज वाटत होती. जीव नुसता शिणून गेला होता.

तरी त्याने चिरेवर पातळ कागदाची पट्टी चिकटवली, वाळू दिली, संध्याकाळी गाणं लावलं. आवाज लख्ख आला.

कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको थांबली. "छान वाजतोय."

"उद्या बोलाव तुझ्या भावाला. घेऊन जा म्हणावं."

"आणि मग तुम्ही काय करणार?"

"काय करणार? आडवा होणार. पुरे झालं आता."

"हो, तेवढंच येतं तुम्हाला!" ती फणकारली.

त्याने गाणं बंद केलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन हाताचा गोंद खरवडून काढला. परत आला तो दारातच थबकला.

बायको स्पीकरसमोर उकिडवी बसली होती. केसातली पिन काढून तिने नव्या पट्टीवर टेकवली, डोळे घट्ट मिटले आणि दाबली.

म्हणजे हात शाबूत होते! त्याला एकदम हलकं वाटलं. पाय न वाजवता तो मागे फिरला, आणि बाथरूममधूनच ओरडला, "अगं, टॉवेल कुठे ठेवलास? सापडत नाहीये!"