डावं शिंग

सात शिकाऊ, तीन शिशाचे एप्रन, एक एक्स-रे मशीन, खोक्यात उरलेली एक फिल्म आणि खोड्यात उभा एक बैल. डॉक्टर वीरधवल यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. यांतला त्यातल्या त्यात शहाणा बैलच, असं त्यांचं मत पडलं.

दवाखान्यात झाडलोट करणारी, जनावरं धरणारी ही माणसं. सहा आठवड्यांत त्यांना ऑपरेशनला आणि एक्स-रेला मदत करायला शिकवा, असा वरून आदेश होता. सहा आठवडे! वीरधवल यांची त्यात पाच वर्षं गेली होती.

बैल कडेगावच्या लालासाहेबांचा. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण आज हात जोडून उभा होता. पंधरा दिवस बैल डावीकडे मान टाकून सारखं डोकं झाडत होता.

"शिंग वाचलं तर बगा, सायेब. जोडीचा हाय. शिंग गेलं की जोडी फुटली."

वीरधवल यांनी ओली फिल्म उजेडात धरली. "निरोगी शिंग आतून पोकळ असतं, फिल्मवर काळं दिसतं. हे बघा, मुळाशी पांढरं. पोकळी भरलीय. शिंगाचा कॅन्सर. शिंग काढायचं."

सहा माना हलल्या. सातवी हलली नाही. ती कोयनानगरच्या प्रबुद्धची.

"सायेब, पांढरं दिसतंय तितंच शेंदराचा पट्टा हाय. बेंदराच्या सणाला दरसाल चढवल्याला. खरवडून परत येक फोटू काढूया."

"रंगानं किरण अडतात होय रे? मग उद्यापासून एप्रन नकोत. अंगाला शेंदूर फासून या."

"मारुतीच की रं गड्या!" शिकाऊंपैकी अर्जुना मांडीवर थाप मारून हसला. बाकीचेही हसले.

प्रबुद्ध हसला नाही. "शेंदूर शिशाचाच असतुय, सायेब. गंज धरू नये म्हणून माझं वडील धरणाच्या कॉलनीत लोखंडाला त्योच मारायचं."

हसू थांबलं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे वीरधवल यांना अकरावीपासून पाठ होतं. खरवडायला दहा मिनिटं पुरली असती. खोक्यात फिल्म होती. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग प्रबुद्धच्या पायांतल्या झिजलेल्या स्लिपरांकडे. यानं सांगायचं आणि आपण खरवडायचं?

"बाप रंगारी, म्हणून पोरगा डॉक्टर का? पुन्हा तोंड उघडलंस तर सर्टिफिकेट विसर. शिंग कापायची तार दे इकडं."

प्रबुद्धनं लालासाहेबांकडे पाहिलं. "सायेब म्हन्त्याल तसं," लालासाहेब पुटपुटले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडे बघू लागले.

प्रबुद्धनं तार दिली.

शिंगाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. तार दोन्ही बाजूंनी खेचली जाऊ लागली. जळक्या केसांसारखा वास सुटला. सातव्या मिनिटाला शिंग फरशीवर पडलं. वीरधवल यांनी ते उचललं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते हात धुवायला गेले.

प्रबुद्धनं जखमेवर पट्टी बांधली. बांधता बांधता त्यानं बैलाच्या कानात बोट फिरवलं, काहीतरी ओढून काढलं आणि ताटलीत ठेवलं. मग त्यानं शिंग उचललं आणि मोजपट्टी घेतली.

"काय लिहायचं ते रजिस्टरला लिही," वीरधवल टॉवेलला हात पुसत म्हणाले. असल्यांचं अक्षर ते वाचत नसत. नोंदीखाली त्यांनी झोकात सही केली आणि जीपकडे निघाले.

नोंद अशी होती :

डावं शिंग, लांबी अडतीस सेंटिमीटर. आतली पोकळी मोकळी. गाठ नाही. मुळाशी शेंदराचा थर तीन मिलिमीटर. डाव्या कानात गोचीड एक, लांबी अकरा मिलिमीटर.