भरलेल्या खुर्च्या

नाटकाच्या सरांनी पडद्याच्या भोकाला डोळा लावला आणि त्यांचा स्वतःच्याच डोळ्यावर विश्वास बसेना.

"काय दिसतंय?" मागून नाचाच्या बाईंनी विचारलं.

"माणसं," सर म्हणाले. "पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नुसती माणसं!"

"चेष्टा नका करू," पेटीवाले सर कुरकुरले. "गेल्या वर्षी मी खुर्च्यांना गाणं ऐकवलंय."

ते खोटं नव्हतं. तीन माध्यमिक शाळांनी मिळून एक नाटक उभं करायचं, एकीनं गायचं, एकीनं नाचायचं, एकीनं संवाद बोलायचे, ही कल्पना नाटकाच्या सरांची. पण सभागृह मिळायचं ते कामाच्या दिवशी, भर दुपारी. पालक आपापल्या नोकरीवर. गेल्या वर्षी समोर बसले होते तिन्ही मुख्याध्यापक आणि सभागृहाचा रखवालदार. त्यातला रखवालदार तेवढा जागा होता. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या वर्षीही खुर्च्याच नाटक बघणार असतील, तर हा खटाटोप बंद."

त्या धास्तीनं सरांनी यंदा पत्रकं छापली. बाजारात वाटली, बसथांब्यावर वाटली, न्हाव्याच्या आरशालाही एक चिकटवून आले. आता त्यांची छाती फुगली.

"बघा, पत्रकांची कमाल!" म्हणत त्यांनी पुन्हा भोकाला डोळा लावला. सभागृहात मिणमिणता उजेड होता. तिसऱ्या रांगेत टोपी घातलेले, भरघोस मिशांचे एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. शेजारी सुटाबुटातले एक जाडजूड गृहस्थ. त्यांच्या पलीकडे शालीत बाळ गुंडाळून घेतलेली एक बाई. सरांना भरून आलं. दूध पिणारं बाळसुद्धा नाटकाला आलं होतं!

फक्त निळे गणवेश कुठेच दिसेनात.

"चौथी शाळा आलेली दिसत नाही," ते पुटपुटले.

चौथी शाळा म्हणजे गोदामावरच्या दोन मजल्यांत भरणारी. तिला ना रंगमंच, ना एखादी पेटी. तिथल्या बाई बैठकीला आल्या तोवर सगळी कामं वाटून झाली होती. "आमच्या मुलांना काय काम?" त्यांनी विचारलं. सर अडचणीत आले आणि बोलून गेले, "तुमची मुलं प्रेक्षक! प्रेक्षकांशिवाय कधी नाटक झालंय का?" पेटीवाले सर खुसखुसले होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नाटकाच्या संहितेची एक प्रत मागून घेतली, पिशवीत घातली आणि गेल्या.

"रुसल्या असतील," नाचाच्या बाई म्हणाल्या. "मी असते तर मीही रुसले असते."

सरांना ते लागलं. एखादं झाड, एखादा दगड, काहीतरी द्यायला हवं होतं त्या मुलांना. पण तेवढ्यात घंटा झाली आणि पडदा वर गेला.

गोष्ट दोन भांडकुदळ गावांची आणि मधल्या नदीची. नाचणाऱ्या मुली नदी झाल्या होत्या, गाणारी मुलं वारा, आणि सरांची मुलं दोन्ही काठांवरून एकमेकांचा उद्धार करत होती. प्रेक्षक तर असे, की कुठे हसायचं आणि कुठे श्वास रोखायचा हे जणू त्यांना पाठ होतं. नदीला पूर आला तेव्हा बाळ रडलं, पण आईनं थोपटताच एका दमात गप्प झालं. इतकं शहाणं बाळ सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग नको ते झालं. पूल बांधणारी मुलगी ऐन वेळी वाक्य विसरली. वारा थांबला, नदी थबकली. विंगेतून सर जीव तोडून कुजबुजत होते, पण तिच्या कानापर्यंत काही पोहोचेना. त्याच क्षणी मागचं दार उघडून अध्यक्षबाई आत आल्या. संपलं सगळं!

तिसऱ्या रांगेतले आजोबा काठी आपटून ओरडले, "अगं, बघत काय बसलीस? बांध की पूल!"

सभागृहात हशा पिकला. मुलीचा चेहरा उजळला. "बांधणारच!" ती गरजली. "दोन्ही गावांनी दगड आणा, पूल मी बांधते!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सरांचा जीव भांड्यात पडला. पुढचं नाटक नदीसारखं वाहत गेलं.

पडदा पडताच अध्यक्षबाई विंगेत आल्या. "बसायला जागा नव्हती, उभ्यानं बघितलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीची तारीख आजच धरून ठेवा."

नाचाच्या बाईंनी पेटीवाल्या सरांना चक्क मिठी मारली. नाटकाचे सर मात्र तिथे थांबले नाहीत. पायऱ्या उतरून ते थेट तिसऱ्या रांगेकडे धावले आणि आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले.

"आजोबा, तुम्ही आज आमची लाज राखलीत. असा जाणता प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं."

हात मऊ होते आणि बोटांना शाई लागलेली होती. पलीकडे बाळाची आई बाळ झटकून त्याची घडी घालत होती. आजोबांनी टोपी काढली, तशा दोन वेण्या खांद्यावर पडल्या. एका बाजूनं सुटलेली मिशी बोटानं दाबून धरत ते घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "सर, ते पुलाचं वाक्य आमच्या बाईंनी बसवलेलं नव्हतं, मी मनानंच घातलं. चाललं ना?"