पंधरा मिनिटांचा अंधार

केतकीने सहा वर्षांच्या शाल्मलीच्या डोळ्यांवर काळी ओढणी बांधली, मग स्वतःच्याही. रात्रीही ऊन पाडणारे आकाशातले आरसे आज दुरुस्तीसाठी पंधरा मिनिटं फिरवणार होते. पुन्हा थेट दहा वर्षांनी. लेकीने अजून एकही तारा पाहिला नव्हता. डोळ्यांना अंधाराची सवय हवी, म्हणून मायलेकी अर्धा तास आधीच परसात चटईवर बसल्या.

"आंधळी कोशिंबीर का?" नवरा खिडकीतून म्हणाला.

"तू दिवा बंद ठेव फक्त."

उन्हाळ्यात विंचू निघतात. केतकी दर दोन मिनिटांनी आपली ओढणी वर सारून चटई न्याहाळत होती.

भोंगा वाजला, आरसे फिरले. केतकीने दोघींच्या ओढण्या सोडल्या. शाल्मली आधी आईला बिलगली, मग तिने हळूच मान वर केली.

"आई, सप्तर्षी सातच ना? शेपटीतल्या मधल्याला एक बारका चिकटलाय."

अरुंधती. केतकीच्या लग्नात भटजींनी ती मोबाइलवर दाखवली होती. आता मात्र सारखी ओढणी सारून उजेडाने दिपलेल्या केतकीच्या डोळ्यांना नुसता काळोख दिसत होता.

"कुठे गं?"

शाल्मलीने तिचं बोट धरून वर नेलं. "इथे. थांब, दिसेल तुला."

अजून अकरा मिनिटं होती. केतकीने पुन्हा चटईकडे पाहिलं नाही.