काळी बोटं

पट्टीबाहेर डोकावणारी बोटं आज आणखी काळी झाली होती. जयसिंगने ती चादरीखाली सरकवली आणि छताकडे बघत पडून राहिला.

चार दिवसांपूर्वी चिंचवडच्या एका फाउंड्रीत लोखंडाचा रस उडाला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा ही बोटं लाल होती. काळं पडणं म्हणजे काय, ते समोरच्या खाटेवरच्या उद्धवरावांनी न विचारता सांगून टाकलं होतं. "आमच्या साडूचा पाय असाच काळा पडला, राव. गुडघ्यापास्नं काढला." उद्धवरावांचं स्वतःचं दुखणं हर्नियाचं, पण सल्ले सगळ्या वॉर्डाला. डॉक्टरांना विचारायची जयसिंगची छाती होत नव्हती. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. साच्यात वाळू ठोकणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला, तर त्याने करायचं काय?

पण खरं सलत होतं ते वेगळंच. पहिले तीन दिवस त्याची बायको कस्तुरा खाटेला चिकटून होती. दर दोन तासांनी पट्टीवर औषधाचं पाणी ओतायचं, पट्टी सुकू द्यायची नाही, हे काम सिस्टरांनी तिच्यावर सोपवलं होतं. ओतून झालं की ती त्याची बोटं हातात घ्यायची आणि चाळीतल्या नळावरची भांडणं रंगवून सांगायची. कालपासून मात्र ती हाताला पदर गुंडाळून मगच त्याला शिवत होती. वाटीसुद्धा पदरानेच धरायची. नऊ वर्षांचा संसार, आणि बायकोला आपली किळस यावी!

"घरी जा तू," तो म्हणाला. "आईला पाठव."

"का वो?"

"मला शिवायचं तुझ्या जिवावर येतंय. दिसतंय मला."

पदर आणखी घट्ट आवळून कस्तुरा चादरीखालीच त्याची बोटं धरून बसली.

तेवढ्यात कुसुमताई सिस्टर आल्या आणि हात झाकून ठेवल्याबद्दल त्याच्यावर डाफरल्या. जयसिंगने डोळे मिटून विचारून टाकलं, "कधी कापणार?"

"काय कापणार?"

"हात. सडलाय न्हवं?"

"अहो, चांदी आहे ती!" कुसुमताईंना हसू आवरेना. "तुमच्या औषधाच्या पाण्यात चांदी असते. जखमेत पू होऊ देत नाही, पण लागेल तिथे काळं करते. महिन्याभरात जाईल. हे बघा." त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. दहाही बोटं काळी होती.

जयसिंग हसला, आणि हसता हसता रडला. उद्धवराव भिंतीकडे तोंड करून झोपले.

"तुमचीही झाली असणार. दाखवा," म्हणत कुसुमताईंनी कस्तुराच्या हातावरचा पदर सोडवला. तिची बोटं कोळशासारखी होती. राखेने घासून घासून नखांजवळचं साल निघालं होतं.

"हे कधीपासून?"

"कालपास्नं."

"आणि तुम्हाला वाटलं, यांचं तुम्हालाही लागलं?"

"व्हय."

"मग बाई, लगेच सांगायचं नाही का?"

कस्तुराने आता उघड्या हाताने जयसिंगची बोटं धरली.

"सांगितलं असतं, तर तुमी मला ह्यांच्यापाशी बसू दिलं नसतं."