मालनचा मिक्सर

लाल वायर. खोबऱ्याचा तुकडा. पितळी चकती. लसणाच्या पाकळ्या. सगळं मालनच्या एकाच टेबलावर.

आजवर मिक्सरच्या कारखान्यात ती फक्त तळाचे स्क्रू आवळायची. पुढे मिक्सरचं काय होतं, ते तिला दिसतही नसे. नव्या मॅनेजरबाईंनी ठरवलं, प्रत्येकीनं अख्खा मिक्सर एकटीनं जोडायचा. पहिला मान मालनचा. तिचा चालला नाही, तर पुन्हा जुनीच रीत आणि पुन्हा तेच स्क्रू.

"स्क्रू सोडून काही येतं का गं तुला?" शेजारची हौसा म्हणाली.

"तुला गप्प बसता येतं का, ते बघ आधी."

जोडणी संपली. सुपरवायझर गुरवांनी चाचणीसाठी पाण्याचा मग पुढे केला. मालननं तो बाजूला सारला.

"पाणी कुणाच्याही मिक्सरमध्ये फिरतं, साहेब."

तिनं खोबरं, लसूण, तिखट भांड्यात टाकलं आणि बटण फिरवलं. मिक्सर घरघरला आणि शेडभर चटणीचा वास पसरला. मॅनेजरबाईंनी बोटानं चाखली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, "पण मिक्सर पास."

सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकरी मालननं पहाटेच थापून आणल्या होत्या.