तिसरा रकाना

खाणीच्या नव्या बोगद्यात अठरा खुणा रोवलेल्या होत्या. प्रत्येक खूण बावीस वेळा मोजलेली, आणि दर मोजणीला तीन आकडे: डावी-उजवीकडे किती सरकली, पुढे-मागे किती, वर-खाली किती. एकूण अकराशे अठ्ठ्याऐंशी आकडे. ते आकडे हाताळणारी मुलगी त्यांना ठिपक्यांचा ढग म्हणायची, म्हणून खाणीतली माणसं तिला ढगवाली म्हणत.

हा ढग कोणत्या दिशेने सर्वांत लांबट पसरला आहे, ते तिने सकाळीच काढलं होतं. डाव्या भिंतीकडे. एकूण पसाऱ्यातला सत्त्याऐंशी टक्के भाग त्या एकाच दिशेला. मुकादमाने होते नव्हते ते सगळे टेकू डाव्या भिंतीला लावले.

"आणि माणसं?" त्याने विचारलं होतं.

"भिंतीपासून लांब. मधोमध," ती म्हणाली होती.

आता दुपार झाली होती. ऑफिसात सर्वेअर डबा उघडून बसला होता. मुकादम खुर्चीत रेलून डोळे मिटून पडला होता.

"ढगवाली, जेवून घे आधी. आकडे काही पळून जात नाहीत."

"तुमचा तिसरा रकाना बघतेय, दादा. बाकीचे दोन पूर्ण आकड्यांत, हा एकटाच दशांशात. एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक तीन. इतकं बारीक कशाने मोजता?"

"बारीक कसलं आलंय. बाजूचं सरकणं यंत्र मोजतं, ते मिलिमीटर देतं. छताला मी आपली पट्टी लावतो. पट्टी सेंटिमीटरची." त्याने घास गिळला. "तुझ्या आधीच्या साहेबांना ठाऊक होतं. बोलले नाहीत ते?"

तिने तिन्ही रकाने मिलिमीटर समजूनच गणित केलं होतं. सर्वेअरचा हात डब्यातच राहिला.

"माणसं कुठे आहेत?" तिने मुकादमाला विचारलं.

"जेवायला बसलीत." त्याने डोळे उघडले नाहीत. "तू सांगितलंस तशी, मधोमध. आमचा धाकटा कुरकुरत होता, भावाच्या राज्यात टेकायला भिंतसुद्धा मिळत नाही म्हणून."

"बाहेर बोलवा त्यांना. आत्ता."

मुकादमाने डोळे उघडले. तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता फोन उचलला. बोगद्यातला फोन वळणावर होता, माणसं त्याच्या बऱ्याच पुढे बसत. सर्वेअर खरकट्या हाताने तसाच बाहेर पळाला.

तिने तिसरा रकाना दहाने गुणला आणि गणित पुन्हा चालू केलं.

मुकादम रिसीव्हर कानाला लावून उभा होता. पलीकडे घंटा वाजत होती, ती खोलीतही ऐकू येत होती. वाजत राहिली. मग थांबली.

"उचलला?" तिने विचारलं.

मुकादमाने रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

पडद्यावर उत्तर आलं होतं. मुख्य दिशा: सरळ खाली. एकोणनव्वद टक्के.